पायाची सत्ता: सोलापूरच्या मागापासून मिडी पेडलपर्यंत

१/ सोलापूरची चादर सर्वांना ठाऊक असते; ती विणणाऱ्याचे पाय फारसे कोणी पाहत नाही. हातमागावर दोन्ही हात धोटा आणि फणी यांत गुंतलेले असतात. ताण्याचे कोणते धागे वर जावेत, हे पायाखालची पट्टी ठरवते. हात कामात असताना निर्णय पायाकडे सोपवण्याची ही युक्ती संगीतातही आली. आजचे मिडी पेडल हे तिचे नवे रूप. 🧵

२/ एकोणिसाव्या शतकात पद्मशाली विणकरांची कुटुंबे तेलुगू मुलखातून येथे स्थिरावली. १८७७ साली ‘जुनी गिरणी’ सुरू झाली आणि हे कापडाचे शहर म्हणून नावारूपास आले. चादरीवरील ठसठशीत नक्षी मात्र जॅकार्ड या यंत्रणेची देणगी. तिचा जन्म फ्रान्समधील लिऑन येथे, १८०४-०५ च्या सुमारास.

३/ जॅकार्ड चालतो छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या माळेवर. जॅकार्ड बसवलेल्या हातमागावर पायाचा एक दाब पडला की पुढचा पुठ्ठा समोर येतो. छिद्र असेल तेथील धागा उचलला जातो, नसेल तेथील खालीच राहतो. नक्षी आधीच लिहून ठेवलेली असते. ती केव्हा पुढे सरकावी, एवढेच पाय सांगतो.

४/ संगीतातील पायाचा इतिहास याला समांतर आहे. १८४२ साली पॅरिसच्या अलेक्झांडर डेबेन याने हार्मोनियमचे पेटंट घेतले. ते वाद्य पायाने भाता चालवून वाजवायचे. मराठीत तीच ‘पायपेटी’. तिच्यात ‘एक्स्प्रेशन’ नावाची एक खुंटी असे. ती ओढली की हवेचा साठा बाजूला पडे आणि पायाचा दाब थेट स्वराच्या जोरात उतरे. पाय हलका, तर सूर हलका.

५/ भारतात पुढे हातपेटी रूढ झाली. ती जमिनीवर बसून वाजवता येई, कोठेही नेता येई. पण एक हात भात्याला द्यावा लागे. मराठी संगीत रंगभूमीने मात्र पायपेटी आणि पुढे ऑर्गन यांना आपलेसे केले. १९१३ साली स्थापन झालेल्या गंधर्व नाटक मंडळीच्या पदांमागे ऑर्गनचे भरघोस सूर असत. दोन्ही हात पट्ट्यांवर आणि श्वास पायात, अशी ती व्यवस्था.

६/ गिटारवादकाची अडचण तीच: दोन्ही हात तारांवर. १९६६ साली अमेरिकेतील थॉमस ऑर्गन कंपनीत ब्रॅड प्लंकेट या तरुण अभियंत्याच्या सर्किटमधून ‘वा-वा’ परिणाम निर्माण झाला. तो पायाने फिरवता यावा म्हणून ते सर्किट चक्क ऑर्गनच्या आवाज-पेडलच्या खोक्यात बसवले गेले. गिटारच्या सर्वांत प्रसिद्ध पेडलचे घराणे असे ऑर्गनचे आहे.

७/ जानेवारी १९८३. अमेरिकेतील नॅम प्रदर्शनात दोन वेगळ्या कंपन्यांचे सिंथेसायझर एका तारेने जोडले गेले आणि एकमेकांचे ऐकू लागले. डेव्ह स्मिथ आणि इकुतारो काकेहाशी यांच्या पुढाकारातून साकारलेली ही सामाईक भाषा म्हणजे मिडी. तिची मेख अशी की तारेतून आवाज जात नाही, फक्त आकडे जातात.

८/ मिडी पेडलची टाच दाबली की ०, पंजा पूर्ण दाबला की १२७. मधली प्रत्येक स्थिती एक आकडा. संदेश तीन बाइटचा असतो: आज्ञेचा प्रकार व चॅनेल, नियंत्रकाचा क्रमांक आणि मूल्य. मूळ मिडी तारेतून तो जायला साधारण एक मिलिसेकंद लागतो. नियंत्रक क्रमांक ४ पायासाठी राखीव आहे. ११ क्रमांकाचे नाव ‘एक्स्प्रेशन’. पायपेटीच्या खुंटीचेच नाव!

९/ १९९६ साली स्टाइनबर्ग कंपनीने व्हीएसटी आणले आणि इफेक्टची खोकी संगणकात शिरली. आता सॉफ्टवेअरमध्ये ‘मिडी लर्न’ निवडायचे, पडद्यावरचे बटण दाखवायचे, पेडल हलवायचे; जोडणी झाली. तोच पाय कधी वा-वा, कधी प्रतिध्वनी, कधी विकृतीची तीव्रता फिरवतो. साधे बटण दाबले तर ‘प्रोग्राम चेंज’ जातो आणि इफेक्टची सगळी मांडणी एका क्षणात बदलते. जॅकार्डचा पुढचा पुठ्ठा समोर यावा, अगदी तसे.

१०/ उणीवही आहे. १२८ पायऱ्या सलग वळणासाठी कधी अपुऱ्या पडतात आणि आवाजात बारीक खरखर उमटते. म्हणून चांगले प्लगिन दोन आकड्यांमधली वाट स्वतः गुळगुळीत करून घेते.

११/ सर्वांत मोठा बदल मात्र नोंदीचा. ऑर्गनवादकाच्या पायाचा दाब त्या रात्रीच्या प्रयोगाबरोबर विरून जाई. मागे राहिलाच तर ध्वनिमुद्रिकेतला आवाज. मिडी पेडलची हालचाल स्वतंत्र रेषा म्हणून साठते. चुकलेले वळण नंतर सुधारता येते. गिटार पुन्हा वाजवावी लागत नाही.

१२/ मग ती रेषा माउसनेच का काढू नये? काढता येते, आणि अनेकदा काढलीही जाते. पण तो निर्णय वाजवून झाल्यानंतरचा असतो. पायाचा निर्णय सुराबरोबरच होतो. सोलापूरच्या मागांवर वीज आली आणि विणकराच्या पायाचे काम यंत्राने घेतले. संगीतात उलट घडले: सगळे यंत्राच्या हवाली करता येऊ लागले, तरी वादकाने एक पाय स्वतःकडे राखून ठेवला.