दोरीबाहेरचा प्रेक्षक, पडद्यापुढचा प्रेक्षक

क्रिकेटच्या इतिहासकारांनी खेळाडूंचा इतिहास लिहिला. प्रेक्षकांचा लिहिला नाही. ज्यांच्या डोळ्यांवर या खेळाचा सारा व्यापार उभा आहे, त्यांची नोंद केवळ संख्येपुरती होते. ही संख्या कशी वाढली आणि वाढताना त्या माणसांच्या पदरात काय पडले, हा प्रश्न कन्हानसारख्या कोळसा खाणींच्या परिसरातूनच विचारला गेला पाहिजे.

आरंभी हा खेळ जिमखान्यांचा होता आणि जिमखाने धर्माधर्मांचे होते. चांभार समाजात जन्मलेले पळवणकर बाळू पुण्यात युरोपियनांच्या मैदानाची निगा राखत गोलंदाजी शिकले. १९०६ मध्ये हिंदू संघाने युरोपियनांना १०९ धावांनी हरवले, त्यात त्यांचा वाटा मोठा होता. परंतु पुण्यात चहाच्या वेळी त्यांना पॅव्हेलियनबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा दिला जाई. चेंडू चालत होता, हात चालत नव्हता! बाळूंना कर्णधारपद कधीच मिळाले नाही. ते १९२३ मध्ये त्यांचे बंधू विठ्ठल यांना मिळाले.

पुढे पडदा आला. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबईचे दूरदर्शन केंद्र सुरू झाले. १९८२ मध्ये रंगीत प्रक्षेपण आले आणि १९८३ च्या विश्वचषकाने क्रिकेटचे वेड पसरवले. पण संच मोजक्याच घरांत होता. तो कोणाच्या घरी आहे आणि त्या घराचा उंबरठा कोणाला ओलांडता येतो, यावर प्रेक्षक ठरत असे. मैदानाभोवतीची दोरी दारापर्यंत आली, एवढाच फरक.

१९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने क्रिकेटच्या प्रक्षेपणाविषयीच्या खटल्यात ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचे सांगितले. व्यवहारात मात्र केबल आली, खाजगी वाहिन्या आल्या आणि या मालमत्तेवर बाजार बसला. १८ एप्रिल २००८ रोजी आयपीएल सुरू झाली. तीन-साडेतीन तासांचा, संध्याकाळचा सामना. त्यामुळे पाळी संपवून आलेला कामगार, स्वयंपाक आवरलेली बाई, शाळकरी पोर असे सारे घर प्रेक्षक झाले. २०१८ ते २०२२ या काळाचे प्रक्षेपणहक्क १६,३४७.५ कोटी रुपयांना विकले गेले. २०२३ ते २०२७ साठी ही रक्कम ४८,३९० कोटींवर गेली. या खेपेस इंटरनेटवरील हक्कांनी दूरचित्रवाणीच्या हक्कांनाही मागे टाकले. २०२३ मध्ये मोबाईलवर सामने फुकट दाखवले गेले आणि समालोचन मराठीतही ऐकू आले. २०२५ मध्ये त्याच सामन्यांभोवती वर्गणीचे कुंपण उभे राहिले.

उंबरठ्याचा अडसर मोबाईलने बराच दूर केला, हे नाकारण्यात अर्थ नाही. पडदा कोणाची जात विचारत नाही. कन्हानजवळच्या वलनी खाणीतील कामगाराचा मुलगा उमेश यादव २०१० मध्ये आयपीएलमध्ये आणि २०११ मध्ये भारताच्या कसोटी संघात पोचला. विदर्भाच्या रणजी संघातून कसोटी खेळणारा तो पहिला. पण एकाच्या उत्कर्षाने बाकीच्यांच्या स्थितीचे उत्तर मिळत नाही. संघाचे मालक कोण? निर्णय घेणारी मंडळे कोणाची? मैदाने कोणाच्या वस्तीत आहेत?

कन्हान नदीच्या काठी बाबू हरदासांची समाधी आहे. १९३७ मध्ये बाबू हरदास कामठी-नागपुरातून विधिमंडळावर निवडून आले. त्याच निवडणुकीत मुंबईत बाळू पळवणकर डॉ. आंबेडकरांच्या विरोधात उभे राहून पराभूत झाले. कीर्ती बाळूंपाशी होती, संघटना मात्र हरदासांपाशी होती. विडी कामगारांना एकत्र करताना हरदासांनी एक गोष्ट ओळखली होती: विडी वळणाऱ्या हातापेक्षा तिचा भाव ठरवणारा हात निराळा असतो.

आज प्रेक्षकाची नजर विडीसारखीच मोजून विकली जाते, आणि भाव ठरवताना त्याला कोणी विचारत नाही. प्रेक्षक म्हणून मिळालेला प्रवेश म्हणजे समता नव्हे. पाहण्याचा हक्क मिळाला. आता खेळण्याच्या, चालवण्याच्या आणि हिशेब मागण्याच्या हक्काचा लढा संघटितपणे उभा राहिला पाहिजे.