साबण ‘सौम्य’ कसा झाला?

“डॉक्टर, मी साधाच साबण वापरते, केमिकलवाला नाही. तरी अंग खाजतं!” हे वाक्य दवाखान्यात वरचेवर ऐकू येतं. तुम्हीही कदाचित हेच म्हणत असाल. याचं उत्तर साबणाच्या इतिहासात आहे.

तेल किंवा चरबी आणि कॉस्टिक सोडा यांपासून बनलेला पारंपरिक साबण अल्कधर्मी असतो. त्याचा पीएच साधारण ९ ते १०. आपली त्वचा मात्र किंचित आम्लधर्मी, ५ च्या आसपास. जर्मनीतल्या शाडे आणि मार्चिओनिनी यांनी १९२८ मध्ये याला त्वचेचं ‘आम्ल-कवच’ म्हटलं.

साबणाला पर्याय मात्र त्वचेच्या काळजीतून शोधला गेला नाही. पहिल्या महायुद्धात जर्मनीत चरबीचा तुटवडा पडला, म्हणून कृत्रिम सर्फॅक्टंट (मळ सोडवणारे घटक) बनवले गेले. पुढे खोबरेल तेलातल्या स्निग्धाम्लांपासून सोडियम कोकोइल आयसेथिओनेट हा सौम्य सर्फॅक्टंट आला. १९५७ मध्ये अमेरिकेत आलेली ‘डव्ह’ची वडी त्यावरच आधारलेली होती. अशा वडीला ‘सिंडेट’ म्हणतात.

१९७९ मध्ये फ्रॉश आणि क्लिगमन यांनी १८ वड्यांचं द्रावण लोकांच्या हातावर पाच दिवस लावून पाहिलं. वड्यावड्यांत मोठा फरक दिसला आणि सर्वांत कमी दाह या सिंडेट वडीनं केला.

असं का? सर्फॅक्टंटला मळ आणि त्वचेची स्वतःची तेलं यांतला फरक कळत नाही. तीव्र घटक त्वचेतल्या प्रथिनांना चिकटतात, ती फुगतात, तेलं निघून जातात आणि आतलं पाणी उडतं. संवेदनशील त्वचेचं कवच मुळातच कमकुवत, म्हणून तिथे आग आणि खाज लवकर होते. सौम्य घटक प्रथिनांना कमी चिकटतात. बोअरच्या जड पाण्यात साबणाचा साका अंगावर राहतो. सिंडेटचा फारसा राहत नाही.

आणि ‘नैसर्गिक’ म्हणजे सौम्यच, असंही नाही. रिठ्याचं पाणी डोळ्यांत गेल्यावर काय होतं ते आठवा!

म्हणून त्वचा संवेदनशील असेल तर बिनवासाची सिंडेट वडी घ्या, ती काखा, जांघा, पाय एवढ्यापुरतीच वापरा. कोमट पाण्यानं नीट धुवा, अंग ओलसर असतानाच मॉइश्चरायझर लावा. सौम्य वडीही घासून घासून लावली तर त्रास देतेच.

आणि एक विनंती: खाजेवर मेडिकलमधून स्वतःच्या मनानं स्टेरॉइडची ट्यूब आणू नका. दोन आठवड्यांत फरक पडला नाही, तर डॉक्टरांना दाखवा.