मूत्रप्रतिवाह, बालकांतील

मूत्राशयातील लघवी मूत्रवाहिनीतून उलट मूत्रपिंडाकडे चढणे म्हणजे मूत्रप्रतिवाह. मूत्रवाहिनी मूत्राशयाच्या भिंतीतून तिरकी शिरते. भिंतीतला तो बोगदा आखूड राहिला, की तोंड नीट मिटत नाही. वयाबरोबर बोगदा लांबतो, म्हणून पाचपैकी पहिल्या दोन श्रेणींचा प्रतिवाह बहुधा आपोआप थांबतो. जन्मानंतर मूत्रपिंडावर जे व्रण पडतात, ते मुख्यतः वर चढलेल्या जंतूंमुळे, म्हणून संसर्ग वेळीच ओळखायला हवा. भंडारा जिल्ह्यातील अड्याळला ग्रामीण रुग्णालय आहे, पण गुंतागुंतीच्या तपासण्यांसाठी नागपूरच गाठावे लागते. अशा गावात सर्वांत मोलाची तपासणी तापाच्या पहिल्या दिवशीची लघवीची, असे ठामपणे म्हणावे लागते. तान्ह्या बाळाला उन्हाळी लागल्याचे सांगता येत नाही. ताप, उलट्या, दूध न ओढणे एवढेच दिसते. साधा ताप समजून प्रतिजैविक आधी दिले, की कल्चर, म्हणजे लघवीतले जंतू वाढवून पाहण्याची तपासणी, कोरे येते आणि संसर्ग झाला होता हेच कुणाला कळत नाही. नमुना औषधाच्या पहिल्या मात्रेआधी, मधल्या धारेचा किंवा नळीने काढलेला हवा. चिकटपिशवीतल्या लघवीत त्वचेचे जंतू मिसळतात. प्रयोगशाळेत पोचायला तासाहून उशीर होणार असेल, तर नमुना थंड डब्यातून पाठवावा.

मग प्रत्येक मुलाची एमसीयू, म्हणजे मूत्राशयात नळीने रंगद्रव्य भरून काढायची क्ष-किरण तपासणी, का करू नये? नळीचा त्रास, किरणांचा मारा आणि हाती लागणारा सौम्य, आपोआप बरा होणारा दोष, हे गणित जुळत नाही. पहिल्या संसर्गानंतर सोनोग्राफी पुरते. तीत दोष दिसला किंवा संसर्ग उलटला, तर एमसीयू करावी. रोज थोडे प्रतिजैविक देण्याबाबतही तारतम्य हवे. अमेरिकेतील 607 मुलांच्या अभ्यासात (2014) त्याने संसर्ग जवळजवळ निम्म्यावर आले, व्रण मात्र कमी झाले नाहीत आणि औषधाला न जुमानणारे जंतू वाढले. म्हणून औषध व्यर्थ ठरते का? तसेही नाही. स्वीडनमधील 203 मुलांत (2010) प्रतिवाह तिसऱ्या-चौथ्या श्रेणीचा होता. तेथे औषध घेणाऱ्या मुलींत नवे व्रण कमी आढळले. तेव्हा औषध तीव्र श्रेणीच्या लहानग्यांसाठी राखावे. ते चालू असतानाही तापाचे संसर्ग होतच राहिले, तरच दुर्बिणीतून इंजेक्शन किंवा मूत्रवाहिनीचे पुनर्रोपण. बद्धकोष्ठ आणि शाळेत लघवी दाबून धरण्याची सवय यांकडे मात्र आधीच लक्ष द्यायला हवे. ती तशीच राहिली तर संसर्ग परततात. व्रण असलेल्या मुलाचा रक्तदाब दरवर्षी मोजावा, आणि त्यासाठी नागपूरची फेरी लागत नाही.