समुद्राचा नियम, रस्त्याचा नियम

माझा भाचा तिशीतला. बँकेत नोकरी करतो. एका संध्याकाळी घरी आला आणि म्हणाला, ‘‘मामू, मी ट्रायथलॉनला नाव दिलंय. लांब पल्ल्याच्या.’’ म्हणजे आधी समुद्रात पोहायचं, मग सायकल चालवायची आणि त्यानंतर पळायचं. मधे विसावा नाही. माझ्या बहिणीनं माझ्याकडे पाहिलं. याला जरा समजाव, असं ते पाहणं होतं.

भाच्याची तक्रार वेगळीच होती. ठरल्या वेळेत पोहणं संपलं नाही तर सायकलला हात लावू देत नाहीत. ‘‘पैसे भरून भाग घ्यायचा आणि वर घड्याळाचा धाक! ही काय रीत झाली?’’ मी काही पोहणारा माणूस नव्हे. पण एखादी रीत कुठून आली हे शोधायची मला खोड आहे. त्या शोधात जे हाती लागलं, ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

पोहणं, सायकल आणि धावणं एकत्र आणणारी आजच्या धर्तीची पहिली स्पर्धा सप्टेंबर १९७४ मध्ये अमेरिकेतल्या सॅन दिएगो इथं झाली. अंतरं लहान होती. भाग घेणाऱ्यांत नौदलातले एक अधिकारी होते, जॉन कॉलिन्स. पत्नी ज्युडी यांच्यासह ते पुढे हवाईत राहायला गेले. तिथं १९७७ मध्ये एका बक्षीस समारंभात वाद रंगला: खरा दमदार कोण, पोहणारा की पळणारा? कॉलिन्सनी त्यात सायकलवालाही आणला आणि तोडगा सुचवला. ओआहू बेटावर तीन स्पर्धा आधीपासून होत होत्या. वायकिकीच्या खुल्या समुद्रातलं सुमारे ३.८ किलोमीटर पोहणं, बेटाभोवतीची सायकल शर्यत आणि होनोलुलूची ४२.२ किलोमीटरची मॅरेथॉन. तिन्ही एकाच दिवसात जोडायच्या! सायकलचं अंतर थोडं कमी करून १८० किलोमीटर धरलं. जो जिंकेल तो ‘आयर्नमॅन’, म्हणजे पोलादी पुरुष.

१८ फेब्रुवारी १९७८ रोजी १५ जण पाण्यात उतरले, १२ जणांनी शर्यत पुरी केली. गॉर्डन हॅलर पहिला आला, ११ तास ४६ मिनिटं ५८ सेकंदांत. नियम हातानं लिहिलेल्या दोन-तीन कागदांत मावले होते. खाण्यापिण्याची सोय ज्याची त्यानं करायची, आपली माणसं आपणच आणायची. दुसरा आलेला जॉन डनबर याच्या माणसांकडचं पाणी संपलं, तेव्हा त्यांनी त्याला बिअर पाजली म्हणतात. ऐकायला गंमत वाटते. पण उन्हात मॅरेथॉन धावणाऱ्याच्या जिवाशी तो खेळच होता. पुढे वाटेवर पाण्याच्या चौक्या ठेवायची व्यवस्था आली, आणि बाहेरच्या माणसाची मदत घ्यायला मनाई झाली.

पोहणं सर्वांत आधी का? साधी गोष्ट आहे. दमलेला माणूस रस्त्यावर बसू शकतो, समुद्रात बसायला जागा नसते. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमेरिकेतल्या १९८५ ते २०१६ या काळातल्या ट्रायथलॉनमधले मृत्यू आणि हृदय बंद पडण्याच्या घटना मोजल्या आहेत. अशा १३५ घटनांपैकी ९० पोहताना घडलेल्या होत्या.

आता नियमांची दुसरी बाजू पाहा. आयर्नमॅनच्या नियमांत पोहणाऱ्याला दम लागला तर पाण्यातल्या बोयाला किंवा मदतीच्या होडीला धरून थांबता येतं. अट एकच, तिच्या आधारानं पुढे सरकायचं नाही. सराव कमी असलेल्यानं घोळक्यात न घुसता कडेनं किंवा मागून सुरुवात करावी, असं जाणते सांगतात. पण वेळेची मर्यादा आहेच. पूर्ण अंतराच्या स्पर्धेत पोहण्याला साधारण २ तास २० मिनिटं आणि साऱ्या शर्यतीला १७ तास.

अमेरिकेच्या डिक हॉइट यांना या घड्याळाचा चटका बसला. त्यांचा मुलगा रिक जन्मापासून सेरेब्रल पाल्सीनं जखडलेला. डिक त्याला रबरी होडीत बसवून दोरानं ओढत पोहत, सायकलच्या पुढच्या आसनावर बसवत आणि चाकाच्या खुर्चीत ढकलत धावत. हे बापमाणूस पोहायला शिकले तेच मोठेपणी. १९८८ मध्ये हवाईत पोहण्याची वेळ चुकली आणि दोघांना थांबवण्यात आलं. अशा बापलेकांनाही सूट नाही? नाही. १९८९ मध्ये ते परत आले आणि त्याच नियमांत साडेचौदा तासांच्या आत शर्यत पुरी केली. आदल्या वर्षी दया दाखवली असती, तर या यशाला एवढं वजन आलं असतं का?

धावण्याच्या नियमाची गोष्ट फेब्रुवारी १९८२ ची. ज्युली मॉस ही २३ वर्षांची विद्यार्थिनी आपल्या अभ्यासाच्या प्रबंधासाठी उतरली होती. एवढ्या अंतराची तिची ही पहिलीच खेप. ती स्त्रियांत आघाडीवर होती. शेवटच्या टप्प्यात पाय गळाले, ती पडली, उठली, पुन्हा पडली. रेषा काही हातांवर असताना कॅथलीन मकार्टनी पुढे निघून गेली. ज्युली रांगत पोचली, २९ सेकंद मागे. दूरचित्रवाणीवर ते रांगणं अमेरिकेनं पाहिलं आणि या खेळाकडे लोकांची रीघ लागली. आज आयर्नमॅनच्या नियमांत धावण्याच्या टप्प्याला तीन गोष्टी चालतात: धावणं, चालणं आणि रांगणं. जागतिक संघटनेच्या नियमांत मात्र रांगणं बसत नाही. चालण्याला तर लाज मानायचं कारणच नाही. सायकलवरून उतरल्यावर पाय जड होतात. पाण्याच्या चौकीपाशी चालत चालत घोट घ्यावेत. मात्र तहानेपलीकडे पाणी ढोसलं तर रक्तातलं मीठ उतरतं आणि तेही जिवावर बेतू शकतं.

हा खेळ आता आपल्याकडेही आला आहे. मिलिंद सोमण यांनी पन्नाशीच्या उंबरठ्यावर, २०१५ मध्ये झुरिकला पूर्ण आयर्नमॅन केली. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये गोव्यात मिरामारला निम्म्या अंतराची शर्यत झाली.

हे सारं मी भाच्याला सांगितलं. तो गप्प ऐकत होता. मग म्हणाला, ‘‘मामू, यंदा नाव मागे घेतो. तलावात पोहतो तेवढ्यावर समुद्रात उतरणं खरं नाही. वर्षभर पोहतो, मग जातो.’’ बहिणीनं सुटकेचा श्वास सोडला आणि लगेच विचारलं, ‘‘म्हणजे जाणार आहेसच?’’

तो हसला. आता रोज पहाटे तो पोहायला जातो. परतल्यावर बहीण त्याला चहा देते आणि विचारते, ‘‘आज किती मिनिटं लागली?’’