शून्य दाखवणारा काउंटर

'व्हॅन ॲलन पट्टे' हा आपल्या पुस्तकात एका परिच्छेदाचा विषय असतो. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात अडकलेल्या विद्युतभारित कणांचे पट्टे, शोध १९५८, शोधक जेम्स व्हॅन ॲलन. परीक्षेला एवढं पुरतं. मला त्या परिच्छेदात न मावलेल्या विद्यार्थ्यांबद्दल लिहायचं आहे.

व्हॅन ॲलन अमेरिकेत आयोवा विद्यापीठात शिकवायचे. चारी बाजूंना मक्याची शेतं आणि प्रयोगशाळा इमारतीच्या तळघरात. मोठी रॉकेट्स परवडत नव्हती, म्हणून त्यांनी फुग्याला छोटं रॉकेट टांगलं. फुगा विरळ हवेपर्यंत नेणार आणि तिथून रॉकेट सुटणार. १९५२ साली ग्रीनलंडजवळ जहाजावरून सोडलेल्या पहिल्या दोन फुग्यांवरची रॉकेट्स पेटलीच नाहीत. थंडीने आतलं घड्याळ बंद पडत असावं, असा अंदाज बांधून तिसऱ्या वेळी संत्र्याच्या रसाचे डबे गरम करून त्याच्याशेजारी ठेवले आणि वर आवरण गुंडाळलं. रॉकेट सुटलं! पुढच्या वर्षीच्या उड्डाणांत ध्रुवीय प्रकाशाच्या भागात कोणाच्या ध्यानीमनी नसलेला किरणोत्सर्ग सापडला. लेस्ली मेरेडिथ हा विद्यार्थी त्या कामात होता.

३१ जानेवारी १९५८ला 'एक्सप्लोरर-१' हा अमेरिकेचा पहिला उपग्रह उडाला, तेव्हा त्यात आयोवात बनलेला गायगर काउंटर होता. माहिती मात्र तुकड्यातुकड्यांत यायची, कारण उपग्रह एखाद्या केंद्राच्या टप्प्यात असेल तेवढाच वेळ ऐकू यायचा. काही तुकड्यांत मोजणी अपेक्षेप्रमाणे होती. काहींत चक्क शून्य. काउंटर बिघडला होता का?

जॉर्ज लुडविग या विद्यार्थ्याने उपग्रहासाठी एक चिमुकला टेपरेकॉर्डर बनवला होता. २६ मार्चला 'एक्सप्लोरर-३'बरोबर तो वर गेला. पूर्ण प्रदक्षिणेची नोंद साठवायची आणि केंद्रावरून जाताना काही सेकंदांत खाली पाठवायची, हे त्याचं काम. आता अखंड आलेख मिळाला. कमी उंचीवर मोजणी नेहमीसारखी, वर जाताना झपाट्याने वाढणारी, मग एकदम शून्य आणि खाली येताना पुन्हा तसाच चढउतार. बिघडलेलं यंत्र इतकं शिस्तीत वागत नाही.

उत्तर कार्ल मॅकिल्वेन या दुसऱ्या विद्यार्थ्याने शोधलं. तसाच एक जादा काउंटर त्याने क्ष-किरण यंत्रासमोर धरला. मारा वाढवत नेला, तसा एका मर्यादेपलीकडे काउंटर गप्प झाला. कण इतके दाटीने येत होते, की दोन कणांच्या मध्ये त्याला सावरायला उसंतच मिळत नव्हती. म्हणजे वरचं ते शून्य 'काही नाही' असं सांगत नव्हतं, 'मोजता येणार नाही इतकं आहे' असं सांगत होतं. १ मे १९५८ला शोध जाहीर झाला. शोधनिबंधावर व्हॅन ॲलन, लुडविग, एर्नेस्ट रे आणि मॅकिल्वेन अशी चार नावं आहेत. पट्ट्यांना एकच नाव मिळालं.

इथे मला आमचं एमएस्सीचं शेवटचं वर्ष आठवतं. प्रोजेक्ट म्हणजे मागच्या बॅचची फाइल, नवे आलेख आणि बाइंडिंगवाल्याकडची रांग. एखादं रीडिंग शून्य आलं, तर 'ते काढून टाका, आलेख सरळ दिसेल' असा सल्ला मिळायचा. उपकरण बंद डब्यातून विकत आलेलं, उघडायची परवानगी नाही. मग ते शून्य का दाखवतंय, हे कोणी कोणाला विचारायचं? मॅकिल्वेनला तो प्रश्न पडला, कारण ज्यांनी काउंटर घडवला त्यांच्यातलाच तो एक होता.

त्याच १९५८ साली डोनाल्ड गर्नेट हा इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगचा विद्यार्थी त्या तळघरात कामाला लागला. १९६१ साली आयोवात बनलेला 'इन्जुन-१' हा उपग्रह कक्षेत गेला. पुढच्या वर्षीच्या 'इन्जुन-३'वर गर्नेटचा रेडिओ रिसीव्हर होता, प्लाझ्मातल्या लहरी ऐकण्यासाठी. प्लाझ्मा म्हणजे इलेक्ट्रॉन सुटे झालेला वायू. अवकाशात तो फार विरळ असतो, पण थरथरतो, आणि थरथरण्याच्या वारंवारतेवरून त्याची घनता काढता येते.

१९७७ साली निघालेल्या दोन्ही 'व्हॉयेजर' यानांवरच्या लहरी-उपकरणांची जबाबदारी गर्नेट यांच्याकडे आली. 'व्हॉयेजर-१'वरचं प्लाझ्मा थेट मोजणारं उपकरण १९८० सालीच निकामी झालं होतं. त्यामुळे यान सूर्याच्या प्रभावक्षेत्राबाहेर पडलं की नाही, यावर वाद होता. २०१३ साली एका सौर उद्रेकाने यानाभोवतालचा प्लाझ्मा थरथरला आणि अँटेनाने ते ऐकलं. हिशेब निघाला घन सेंटीमीटरला सुमारे ०.०८ इलेक्ट्रॉन, म्हणजे एक लिटरच्या बाटलीत जेमतेम ऐंशी. सूर्याच्या प्रभावक्षेत्राच्या कडेला तेवढेही नसतात. यान २५ ऑगस्ट २०१२च्या सुमारास सीमा ओलांडून गेलं होतं.

ही घोषणा झाली तेव्हा गर्नेट ७३ वर्षांचे होते. विद्यार्थी म्हणून ज्या विद्यापीठाच्या तळघरात ते शिरले होते, तिथेच अजून काम करत होते.