द्यूतप्रतिपदेची मिळकत

ग्वाल्हेरच्या लष्करात माझ्या लहानपणी पाडव्याला घरोघर पत्ते बसत. या दिवसाला शास्त्रातच द्यूतप्रतिपदा असे नाव असल्याने वडीलधारी मंडळीही त्या रात्री डोळेझाक करीत. आमच्या आजीचा मात्र एक नियम होता. जिंकणाऱ्याने रुपयामागे एक आणा देवापुढच्या डब्यात टाकायचा. हरणारा कुरकुरला, "आणि माझे गेले त्याचे काय?" तर ती म्हणे, "गेले ते गेले. डब्याला फक्त जिंकलेलं कळतं."

पुढे एका करसल्लागाराकडे कारकुनी करताना या प्रश्नाची कुळकथा कळत गेली. कौटिल्याने जुगारासाठी द्यूताध्यक्ष नेमला आणि जिंकलेल्या द्रव्यातून शेकडा 5 सरकारचे ठरवले, शिवाय फाशांचे भाडे आणि पाण्याचे, जागेचे मोल वेगळे! मनूला हे मान्य नव्हते. राजाने जुगार राज्यातून हाकलावा, असे त्याचे मत. याज्ञवल्क्याने कौटिल्याची वाट धरली: अड्डेवाल्याने जिंकणाऱ्याकडून शेकडा 5 किंवा 10 घ्यावेत आणि राजाचा भाग राजाला पोचवावा. याज्ञवल्क्यस्मृतीवरची मिताक्षरा विज्ञानेश्वराने चालुक्यांच्या कल्याणीत लिहिली. हे कल्याणी म्हणजे बिदर जिल्ह्यातले आजचे बसवकल्याण. सीमाभागातल्या वाचकांना ते काही दूरचे नाही.

इंग्रजी अमदानीचा विचार निराळा होता. 1922 च्या प्राप्तिकर कायद्यात अवचित आणि पुन्हा न होणारी प्राप्ती करमुक्त होती. शेत दरवर्षी पिकते ते उत्पन्न. वाटेत सापडलेली मोहर उत्पन्न नव्हे, असा त्यामागचा तर्क. 1950 साली हा कायदा मध्यभारताला, म्हणजे आमच्या ग्वाल्हेरलाही, लागू झाला. 1961 च्या नव्या कायद्यानेही ती सूट ठेवली.

दरम्यान 1957 साली सर्वोच्च न्यायालयापुढे चमारबागवाला खटला आला. बंगळुराहून निघणाऱ्या एका साप्ताहिकातली शब्दकोडी मुंबई राज्यातले लोक पैसे भरून सोडवीत, आणि मुंबई सरकारने त्यावर कर बसवला होता. छापखाना एका राज्यात, खेळणारे दुसऱ्यात! न्यायालयाने कर वैध ठरवला. निकालपत्रात ऋग्वेदातल्या जुगाऱ्यापासून याज्ञवल्क्यापर्यंत सर्वांना हजर केले आणि जुगार हा घटनेने संरक्षिलेला व्यापारच नव्हे, असे बजावले.

1972 साली वित्त कायद्याने लॉटरी, शब्दकोडी, शर्यती, पत्ते आणि सर्व तऱ्हेचा जुगार यांतली प्राप्ती 'उत्पन्न' या शब्दाच्या व्याख्येतच घातली. सूट उरली ती हजार रुपयांपुरती.

नेमकी त्याच्या पुढच्या वर्षी आमच्या थोरल्या काकांना लॉटरी लागली. विवरणपत्रात ती दाखवायला ते तयार होईनात. "घाम गाळला नाही, तर उत्पन्न कसलं? आणि इतकी वर्षं तिकिटं फुकट गेली, तेव्हा सरकार आलं होतं का सांत्वनाला?" वडील म्हणाले, "दादा, सरकारला दाखवत नाहीस, मग मुलांना काय दाखवणार?" दोघे भाऊ दिवाळीपर्यंत बोलले नाहीत. काका लबाड नव्हते, हे मला आज कळते. त्यांच्या डोक्यात 1950 चा कायदा होता, आणि त्या कायद्याप्रमाणे ते बरोबरच होते. शेवटी त्यांनी रक्कम दाखवली, पण वडिलांना सांगितले नाही. विवरणपत्राची प्रत मीच लिहून काढली होती, म्हणून मला ठाऊक.

काकांची तिकिटांची तक्रार मात्र मला आजही खोटी वाटत नाही. 1980 साली सर्वोच्च न्यायालयाने चोरट्या व्यापारातल्या एकाची जप्त झालेली रोकड तोटा म्हणून मान्य केली. जुगाऱ्याच्या नशिबी ती दया नाही. 1986 च्या वित्त कायद्याने अशा जिंकलेल्या रकमेवर सरसकट 40 टक्के दर लावला आणि खर्चाची वजावट बंद केली. आजीचाच नियम, फक्त दर चढा! पुढे तो 30 टक्क्यांवर आला. 2023 साली मोबाइलवरच्या पैशांच्या खेळांसाठी वेगळे कलम आले. तिथे मात्र वर्षाची निव्वळ जीत मोजायची. आणि 2025 साली संसदेने त्या खेळांवर बंदीचाच कायदा केला. दोन वर्षांत कौटिल्याकडून मनूकडे!

पाडव्याचे पत्ते आमच्याकडे अजून बसतात. आजीचा पितळी डबा माझ्याकडे आहे. गेल्या खेपेला नातवाने दीडशे रुपये जिंकले आणि डब्यात दहाची नोट टाकली. सुटे पैसे परत मागितले.