खोट्या चिठ्ठीचें विष

ग्लिसरीन आणि डायएथिलीन ग्लायकोल हे दोन्ही द्रव दिसावयास सारखे व चवीस गोड. पहिला औषधांत चालतो. दुसरा मूत्रपिंडांचा घात करितो, पण तो स्वस्त. मोहाचें मूळ या स्वस्ताईंतच आहे. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयांत १९८६ सालीं अशा दूषित ग्लिसरीननें १४ रोगी दगावले; न्यायमूर्ति लेंटिन यांच्या चौकशींत देखरेखीची हेळसांड उघड झाली. तरीहि वीस वर्षांनीं तोच धडा नव्या प्रेतांवरून शिकावा लागला. चीनमधील कारखान्यानें विषाला ग्लिसरीनची चिठ्ठी लाविली. पिंपें बार्सिलोनाच्या व्यापाऱ्यामार्फत २००३ सालीं पनामास पोंचलीं. शुद्धतेचा दाखला हातोहात फिरला. द्रव मात्र कोणींच तपासला नाहीं. २००६ सालीं त्यापासून बनलेल्या खोकल्याच्या सरकारी औषधानें शंभरांहून अधिक माणसें मेलीं. नाणें वाजवून घेणारा बाजार औषध मात्र चिठ्ठी वाचून घेतो, यावरच हा व्यापार जगतो.